वेतोबाच्या चपला आणि मालिकांमधले मृत

मेलेला माणूस उठून चालू लागला, ही गोष्ट झोंबींच्या मालिकेचा प्रेक्षक पहिल्याच भागात विनातक्रार मान्य करतो. मात्र त्याच मालिकेतला जिवंत माणूस मृतांनी वेढलेल्या घराचे दार उघडे टाकून झोपी गेला, तर तोच प्रेक्षक तत्काळ हरकत घेतो, आणि ती हरकत रास्त असते. मृताचे चालणे ही कथाकाराने घातलेली अट असते व ती मान्य केल्याखेरीज कथा सुरूच होत नाही. परंतु भीती वाटल्यावर, भूक लागल्यावर किंवा घरातले मूल आजारी पडल्यावर माणूस काय करतो हे प्रेक्षकाला स्वतःच्या आयुष्यातून ठाऊक असते, त्यामुळे त्या बाबतीत त्याची फसवणूक करता येत नाही. दूरचित्रवाणी मालिकांच्या लेखनाचा विचार करणाऱ्या या स्तंभात या आठवड्यात या कथाप्रकाराची तर्कसंगती, म्हणजे एका घटनेतून दुसरी घटना सकारण निघणे, आणि त्यातील पात्रांची विश्वसनीयता या दोन बाबी तपासायच्या आहेत; वसई तालुक्यातील नायगाव परिसरात आज अनेक मालिकांचे सेट उभे असल्याने येथील वाचकाला हा प्रश्न परका वाटण्याचे कारण नाही.

‘झोंबी’ हा शब्द हैती या कॅरिबियन देशाच्या लोकश्रद्धेतून आला असून तेथे त्याचा अर्थ मांत्रिकाने उठवून राबवून घेतलेले प्रेत असा होता. माणसांचे मांस खाणाऱ्या मृतांच्या झुंडी हे त्याचे आजचे रूप जॉर्ज रोमेरो यांच्या १९६८ सालच्या ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ या चित्रपटाने रूढ केले, आणि २०१० ते २०२२ या काळात अकरा पर्वे व १७७ भाग चाललेल्या ‘द वॉकिंग डेड’ या अमेरिकी मालिकेने ते दूरचित्रवाणीवर स्थिर केले. माध्यम बदलल्याने लेखकावरची जबाबदारीही बदलली, कारण दोन तासांच्या चित्रपटात पात्रे धावत राहिली तरी भागते, पण वर्षानुवर्षे चालणाऱ्या मालिकेत त्यांना जेवावे लागते, झोपावे लागते, औषधे शोधावी लागतात आणि परस्परांवर विश्वास ठेवावा लागतो. या प्रत्येक गोष्टीचा साठा मर्यादित असतो, आणि तो कसा खर्च होत गेला याचा हिशेब म्हणजेच या प्रकारच्या कथेचे खरे कथानक होय.

हा हिशेब ठेवण्याची रीत मराठी लोकपरंपरेला नवी नाही. वेताळ हा भुतांचा अधिपती मानला जातो, पण कोकणात तोच वेतोबा या नावाने गावाचा राखणदार आहे. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील वेंगुर्ले तालुक्यातल्या आरवली येथील वेतोबाला भाविक केळ्यांचे घड आणि भल्या मोठ्या आकाराच्या चामडी चपला अर्पण करतात, कारण देव रात्री पायी फिरून गावाची राखण करतो आणि त्या फेऱ्यांमुळे चपलांचे तळ झिजतात, अशी श्रद्धा आहे. चमत्कार मान्य करूनही लोकमानसाने त्यात झिजेला जागा ठेवली आहे, हे येथे लक्षात घेण्यासारखे आहे: देव असला तरी तो चालतो, चालला की तळ झिजतो, आणि तळ झिजला की गावाला नवी जोडी द्यावी लागते. अद्भुत घटनेलाही किंमत असते हा कथारचनेचा मूलभूत नियम या एका प्रथेत जितका स्वच्छ दिसतो, तितका तो पटकथालेखनाच्या अनेक पाठ्यपुस्तकांतही दिसत नाही.

याच वेताळाचे नाव घेऊन २०२० सालच्या मे महिन्यात नेटफ्लिक्सवर आलेली ‘बेताल’ ही चार भागांची हिंदी मालिका या संदर्भात तपासण्याजोगी आहे. पॅट्रिक ग्रॅहम यांच्यासह निखिल महाजन यांनी तिचे दिग्दर्शन केले असून जितेंद्र जोशी आणि मंजिरी पुपाला हे मराठी रंगभूमी व चित्रपटांच्या प्रेक्षकांना परिचित असलेले कलावंत तिच्यात महत्त्वाच्या भूमिकांत आहेत. निलजा नावाच्या आदिवासी गावाजवळच्या डोंगरातील बोगदा महामार्गासाठी मोकळा करायचा असतो, गावकऱ्यांचा त्याला विरोध असतो, त्यांच्यावर नक्षलवादी असल्याचा शिक्का मारून सशस्त्र पथक पाठवले जाते, आणि बोगदा उघडताच १८५७ पासून त्यात अडकून पडलेली ईस्ट इंडिया कंपनीची मृत पलटण तिच्या कर्नलसह बाहेर येते, अशी तिची मांडणी आहे. जमिनीसाठी माणसे हुसकावणारी कंपनी आणि जमिनीसाठीच माणसे हुसकावणारा आजचा कंत्राटदार यांना समोरासमोर उभे करण्याची ही कल्पना अतिशय सकस आहे, कारण तिच्यातील मृतांना बाहेर येण्यासाठी इतिहासातले कारण मिळाले आहे.

मालिकेचा पाया असा भक्कम असताना तर्कसंगती डळमळीत होते ती धोक्याच्या स्वरूपामुळे. या पलटणीतील मृत बंदुका चालवतात, त्यांच्या हल्ल्यात सापडलेले जिवंत त्यांच्यासारखेच होतात, आणि त्यांचा कर्नल जिवंतांच्या मनात शिरून त्यांच्या तोंडून बोलतो. म्हणजे युद्ध, साथीचा रोग आणि भूतबाधा हे तीन वेगवेगळे धोके एकाच वेळी उभे राहतात, त्या प्रत्येकापासून बचावण्याचा मार्ग वेगळा असतो, आणि चार भागांच्या अवकाशात कोणत्याच धोक्याची मर्यादा प्रेक्षकाला नीट मोजता येत नाही. मर्यादा कळली नाही की पात्राचा निर्णय शहाणपणाचा होता की मूर्खपणाचा हे ठरवता येत नाही, आणि ते ठरवता आले नाही की उत्कंठेची जागा केवळ दचकणे घेते. याउलट हळद, मीठ आणि राख यांच्या साहाय्याने मृतांना रोखता येते हा मालिकेतील नियम उत्तम आहे, कारण या वस्तू घरातल्या आहेत, त्या संपू शकतात, आणि त्यांचे ज्ञान पथकाकडे नसून ज्यांना हुसकावायला पथक आले त्या गावाकडे आहे; परंतु गावाचे हे सामूहिक शहाणपण मुख्यतः पुनिया या एकाच पात्राच्या मुखातून येत राहिल्याने तिचे स्वतंत्र माणूसपण मागे पडते आणि ती माहिती पुरवणारी व्यक्ती होऊन राहते. पथकाचा नायक सिरोही मात्र पटतो, कारण हुकूम पाळताना हातून घडलेल्या जुन्या हत्येचे ओझे तो पहिल्यापासून वाहत असतो आणि त्याचा प्रत्येक निर्णय त्या ओझ्याखाली वाकलेला दिसतो.

नियम कसा बदलावा याचा नमुना २०१९ साली सुरू झालेल्या ‘किंगडम’ या कोरियन मालिकेत सापडतो. किम उन-ही यांनी लिहिलेल्या या जुन्या राजवटीतील कथेत मृत दिवसा अंधाऱ्या जागी निपचित पडतात आणि रात्री उठतात, त्यामुळे पात्रांसह प्रेक्षकही त्यांना उजेड सोसत नाही असे धरून चालतो. पहिल्या पर्वाच्या अखेरीस कळते ते असे की मृत उजेडाला नव्हे तर उष्णतेला टाळतात, आणि थंडी वाढल्यामुळे आता दिवसही सुरक्षित राहिलेला नाही. या उलगड्याने आधीची एकही घटना खोटी ठरत नाही, पात्रांची चूक हाताशी असलेल्या माहितीवरून कोणीही केली असती अशीच राहते, आणि प्रेक्षकाला आपण त्यांच्याबरोबर चुकलो याची जाणीव होते. तेथे साथ पसरते तीही उपासमारीने हैराण झालेल्या रुग्णांनी नकळत खाल्लेल्या मानवी मांसातून, त्यामुळे त्या कथेत भूक हेच पहिले कारण ठरते.

पात्रांच्या विश्वसनीयतेविषयी सर्वाधिक तक्रार होते ती चावा लपवणाऱ्या पात्राविषयी: मृताने चावलेला माणूस जखम झाकतो, सोबत्यांत मिसळतो आणि अखेर सर्वांच्या नाशाला कारणीभूत होतो. ही युक्ती वापरून गुळगुळीत झाली असली तरी ते वागणे मुळात खोटे नाही, याचा पुरावा महाराष्ट्राच्या इतिहासातच आहे. १८९६ मध्ये मुंबईत प्लेगची साथ आली, १८९७ मध्ये साथरोग कायदा झाला, आणि पुण्यात वॉल्टर चार्ल्स रँड यांच्या अधिपत्याखालील प्लेग समितीने गोऱ्या सैनिकांकरवी घरोघर झडत्या सुरू केल्या. तेव्हा अनेक कुटुंबांनी आपले रुग्ण, आणि प्रसंगी मृतदेहही, लपवले. त्या कुटुंबांना रोगाचे भय नव्हते असे मुळीच नाही. पण घरात शिरणारे बूट, देवघराची व स्त्रियांची विटंबना आणि छावणीत नेलेले माणूस परत येईल की नाही ही धास्ती त्या भयाहून मोठी ठरली, आणि २२ जून १८९७ रोजी चापेकर बंधूंनी रँड यांच्यावर झाडलेल्या गोळ्यांमागे हाच संताप होता. लपवणाऱ्याचा हिशेब चुकीचा असेल, पण तो हिशेब होता. म्हणून पटकथालेखकाने चावा लपवणारे पात्र आणण्यापूर्वी, चावा उघड करणाऱ्याचे तो समूह काय करतो हे एकदा दाखवले पाहिजे. तसे दाखवल्यावर तेच घिसेपिटे वागणे प्रेक्षकाचे काळीज हलवते.

वेढ्यात सापडलेल्या माणसांचे वर्तन समजून घेण्यासाठी वसईच्या वाचकाला समुद्रापलीकडे जाण्याचीही गरज नाही. चिमाजी आप्पांच्या नेतृत्वाखालील मोहिमेने १७३७ मध्ये ठाणे जिंकल्यानंतर वसईच्या किल्ल्यातील पोर्तुगीज हळूहळू एकटे पडत गेले. त्यांनी मुंबईच्या इंग्रजांकडे मदत मागितली, चर्चमधील चांदीची भांडी तारण ठेवून कर्ज उभे केले, आणि सुरुंगांनी तट फुटल्यावर मे १७३९ मध्ये तह करून सन्मानाने किल्ला सोडण्याची मुभा मिळवली. देवाच्या ताटवाट्या गहाण पडतात तो क्षण त्या वेढ्याची दीर्घता जितकी सांगतो, तितकी ती तोफांच्या वर्णनातून कळत नाही. झोंबीकथेतील वेढ्याचा एकच मोठा फरक असा की बाहेरच्या शत्रूशी तह करता येत नाही, त्यामुळे तहाची सगळी बोलणी भिंतीच्या आत, जिवंतांमध्येच होतात: अन्नाची वाटणी कोण करणार, पहारा कोणाचा, आजाऱ्याला ठेवायचे की बाहेर काढायचे. ज्या मालिका या बोलण्यांना वेळ देत नाहीत, त्या आपल्या कथाप्रकाराचा गाभाच गमावतात.

पण या बोलण्यांचा शेवट नेहमी रक्तपातातच झाला पाहिजे, हा समजही तपासून घ्यावा लागतो. १९६३ मध्ये अमेरिकेतील ओहायो राज्य विद्यापीठात स्थापन झालेल्या आपत्ती संशोधन केंद्राच्या अभ्यासकांनी, विशेषतः एन्रिको क्वारांटेली यांनी, आपत्तीत माणसे सहसा बेभान होत नाहीत, उलट शेजारी शेजाऱ्याला आधी मदत करतो, असे दीर्घ निरीक्षणाने दाखवून दिले. जुलै २०१८ च्या पुरात वसई-विरारला हाच अनुभव आला: रूळ पाण्याखाली गेले, नालासोपाऱ्याजवळ लांब पल्ल्याच्या गाडीत अडकलेल्या प्रवाशांना राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाने बोटींनी बाहेर काढले, आणि तळमजल्यावरची बिऱ्हाडे वरच्या मजल्यांवरच्या घरांत सामावली गेली. पहिल्या दिवशीच शेजाऱ्याचा गळा धरणारी पात्रे म्हणूनच खोटी वाटतात. माणुसकीही हळद-मिठासारखी साठ्यातली वस्तू आहे, ती पहिल्या रात्री भरपूर असते, आणि ती कशाकशाने, कोणत्या दिवशी, किती खर्च झाली हे दाखवणे लेखकाचे काम असते.

मराठीत या कथाप्रकाराला स्थानिक जमीन मिळाली ती आदित्य सरपोतदार यांच्या जानेवारी २०२२ मध्ये प्रदर्शित झालेल्या ‘झोंबिवली’ या चित्रपटात, जेथे डोंबिवलीतील इमारत आणि शेजारची वस्ती यांच्यातील पाण्याची विषमता संकटाच्या मुळाशी ठेवली आहे. पाण्याचा हा धागा पालघर जिल्ह्यात अधिक लांब जातो. सूर्या नदीवरील धामणी धरणाचे पाणी वसई-विरारच्या घरांत येते, ज्या पाण्यावर शेतीचा हक्क सांगितला गेला होता तेच शहराकडे वळवले जाते म्हणून त्या खोऱ्यातील शेतकरी व आदिवासी वर्षानुवर्षे दाद मागतात, आणि एवढे होऊनही नालासोपारा-विरारच्या कितीतरी इमारतींना टँकरची वाट पाहावी लागते. ‘बेताल’मधील डोंगर आणि ‘झोंबिवली’मधील नळ हे दोन्ही या एका जिल्ह्यात आहेत, ते जोडणारी मालिका मात्र अद्याप लिहिली गेलेली नाही.

ती लिहायची झाल्यास सुरुवातीला एक चार मजली, लिफ्ट नसलेली इमारत पुरेशी आहे. पाणी तळाच्या टाकीत असते, ते वर चढवायला मोटार लागते, मोटारीला वीज लागते. वीज गेली की चौथ्या मजल्यावरच्या घराला हंडा घेऊन जिना उतरावा लागतो, आणि खाली फाटकापाशी मृत उभे असतील तर त्या घरापुढे तळमजल्यावरच्या माणसाची मिनतवारी करण्यावाचून मार्ग उरत नाही, मग आजवर त्यांच्यात पार्किंगवरून कितीही भांडणे झालेली असोत. गच्ची ही सर्वांत सुरक्षित जागा, पण तिची किल्ली सेक्रेटरीकडे असते. ती तो कोणाला देतो, कोणाला नाकारतो, आणि तो गेल्यावर ती कोणाच्या हाती पडते, एवढ्यावर सगळ्या पात्रांचे स्वभाव उलगडतील. आरवलीच्या भाविकांनी देवाच्या चपलांच्या तळांकडे जितक्या निष्ठेने पाहिले तितक्याच निष्ठेने जो लेखक त्या टाकीतल्या पाण्याकडे आणि त्या किल्लीकडे पहिल्या भागापासून अखेरच्या भागापर्यंत लक्ष ठेवील, त्याने फाटकाबाहेर उभे केलेले मृत प्रेक्षक खरे मानतील.