शोध सोडणाऱ्यांची गणती

‘आजच्या तरुणांना कामच नको असते,’ हे वाक्य बंगळूरच्या सुस्थित दिवाणखान्यांतून सिद्धान्ताच्या थाटात उच्चारले जाते. 2023च्या डिसेंबरात कर्नाटक सरकारने ‘युवानिधी’ योजनेची नोंदणी सुरू केली, तेव्हा या सिद्धान्ताला पुरावाच सापडल्याचा आनंद अनेकांना झाला. बेकार पदवीधराला महिना 3,000 रुपये आणि पदविकाधारकाला 1,500 रुपये घरबसल्या मिळू लागले, तर तो हातपाय कशाला हलवील, असा त्यांचा सवाल.

सवाल बिनतोड वाटतो; तपशिलापुढे मात्र तो टिकत नाही. हा भत्ता शिक्षण संपून सहा महिने काम न मिळालेल्यांसाठी, तोही जास्तीत जास्त दोन वर्षांचा. नोकरी लागताच तो थांबतो. बेळगावहून मुलाखतीस येणाऱ्या मुलाला एका फेरीतच सुमारे पाचशे किलोमीटर कापावे लागतात. खोली हवी, तर घरमालक कित्येक महिन्यांचे भाडे अनामत मागतो. काम शोधणे हाच पैसेवाल्यांचा उद्योग होऊन बसला आहे. जाहिरात अनुभव मागते आणि अनुभव देणारी पहिली नोकरी कोणी देत नाही. दहा दारांवरून परतलेला तरुण अकराव्या दारी गेला नाही, तर तो आळशी ठरत नाही. त्याने खर्चाचा हिशेब केलेला असतो.

हे शहर नेहमीच असे वागले नाही. हिंदुस्थान एरोनॉटिक्स 1940 साली, आयटीआय 1948 साली आणि एचएमटी 1953 साली येथे उभी राहिली. तयार कारागिरांची वाट पाहत न बसता या कारखान्यांनी उमेदवारांना हाताशी धरून घडवले. शिकवण्याचा खर्च तेव्हा मालकाचा होता. आज तो उमेदवाराच्या बापावर ढकलला गेला आहे.

खरी मेख गणनेत आहे. सरकारी श्रमबल पाहणीत काम शोधणारा किंवा कामास तयार असल्याचे सांगणाराच बेकार गणला जातो. निराश होऊन ‘आता नको’ म्हणणारा श्रमबलाबाहेर जातो आणि त्याच्या जाण्याने बेकारीचा दर उलट खाली येतो! त्या उतरत्या आकड्याचा गौरव करणाऱ्यांनी आधी एवढे सांगावे, की त्या यादीतून किती जण कामावर गेले आणि किती जण नुसतेच घरी परतले. तोवर तरुणांच्या आळसाविषयी बोलण्याचा अधिकार त्यांना नाही.