जेद्दाला एक मॅच तरी जिंका!

ओव्हलची टेस्ट सोमवारी संपेल. जिंकलो तर पेढे, हरलो तर पोस्टमॉर्टेम, जे व्हायचं ते होईल. पण दुसऱ्याच दिवशी, मंगळवारी ५ ऑगस्टला, भारताचा आणखी एक संघ मैदानात उतरतोय आणि आपल्यापैकी बहुतेकांना त्याचा पत्ताच नाही. सौदी अरेबियात जेद्दाला बास्केटबॉलचा आशिया कप सुरू होतोय आणि आपली पहिली मॅच जॉर्डनशी आहे. ७ तारखेला चीन, ९ ला यजमान सौदी.

"काय चान्स आहे आपला?" असं परवा कोर्टवर एका पोराने विचारलं. त्याला तिथल्या तिथे दिलेलं उत्तर मलाच पटलं नाही, म्हणून ही पोस्ट.

आधी स्पर्धेचं गणित. सोळा संघ, चार गट, प्रत्येक गटात चार. गटात पहिला आलेला थेट क्वार्टर फायनलला. दुसरा आणि तिसरा आलेल्यांना क्वार्टर फायनलसाठी एक जादा मॅच खेळावी लागते. चौथा आलेला बॅगा भरतो. म्हणजे आपल्याला काय हवंय? तिघांपैकी एकाला हरवलं तरी तिसऱ्या क्रमांकाची दारं उघडतात. ऐकायला किती सोपं वाटतं! पण २०२२ ला जकार्ताला न्यूझीलंड, लेबनॉन, फिलिपिन्स असा गट होता आणि आपण तिन्ही मॅच हरून परतलो. नुसतं हरलो नाही, धुऊन काढलं होतं आपल्याला.

यंदा थोडी आशा का वाटते? पात्रता फेरीत इराण आणि कतारपुढे आपण मागे पडलो होतो. अखेर मार्चमध्ये बहारीन आणि इराक या दोघांनाही हरवून आपण तिकीट काढलं. परक्या मुलुखात, 'हरलात तर घरी' अशा वेळी जिंकणं आपल्या संघाला फारसं जमत नव्हतं, ते जमलं. दुसरं, कोच स्कॉट फ्लेमिंग परत आलेत. हे तेच फ्लेमिंग, ज्यांच्या हाताखाली २०१४ ला वुहानमध्ये आपण चीनला त्यांच्याच घरात ६५-५८ असं हरवलं होतं. तो चिनी संघ तरुण होता, मान्य. पण चीन तो चीनच. विशेष भृगुवंशी, अमृतपाल, अमज्योत यांच्या पिढीने ते करून दाखवलं. त्या दिवशी आपल्याकडे किती जणांना कळलं? मला स्वतःला तीन दिवसांनी कळलं.

आता खरं बोलू. चीन कठीण आहे. उंची, लांबी, बेंचवर बसलेला दहावा खेळाडूसुद्धा व्यावसायिक लीगमध्ये तयार झालेला. जॉर्डनने २०२३ ला हांगझोच्या एशियन गेम्समध्ये रौप्य घेतलं, वर्ल्ड कपही खेळले. सौदी त्यातल्या त्यात आवाक्यातला, पण घरचं मैदान त्यांचं. माझा अंदाज विचाराल तर चीनशी हरू, जॉर्डनला घाम फोडू आणि सगळं ९ तारखेच्या मॅचवर येऊन ठेपेल.

आपली पोरं कमी पडतात ती कौशल्यात कमी आणि सवयीत जास्त. तीन क्वार्टर बरोबरीने खेळतात, चौथ्यात पाय जड होतात. समोरच्याने फुल कोर्ट प्रेस लावला की पास चुकायला लागतात. रिबाउंडला एक क्षण उशीर होतो. याला आपण लगेच 'मानसिकता' म्हणून मोकळे होतो. मानसिकता कसली? शेवटच्या दोन मिनिटांत तीन गुणांनी मागे असताना काय करायचं, हे तशा पन्नास मॅच खेळूनच कळतं. आपला राष्ट्रीय खेळाडू वर्षभरात तशा किती मॅच खेळतो? रेल्वे, सेना, ओएनजीसी, बँका यांनी नोकऱ्या दिल्या म्हणून हा खेळ इथे जगला. त्यांचे उपकारच आहेत. पण नोकरी सांभाळून वर्षातून मोजक्या स्पर्धा खेळणारा माणूस आणि महिनोन्‌महिने लीग खेळणारा माणूस एकाच रिंगखाली उभे राहिले की फरक दिसणारच. यंदा जानेवारीत आयएनबीएल प्रो लीग सुरू झाली ही चांगली गोष्ट. पण याआधी यूबीए नावाची लीगही आली होती, काही सीझन चालली आणि गेली. लीग आणणं सोपं, दहा वर्षं चालवणं अवघड.

मग शॉर्टकट म्हणून परदेशातल्या भारतीय वंशाच्या खेळाडूंची चर्चा निघते. ती वाईट नाही. जगातले नियम प्रत्येक संघाला एक असा खेळाडू घेऊ देतात. जॉर्डनने रोंडे हॉलिस-जेफरसन खेळवला, चीनने वर्ल्ड कपला काइल अँडरसन खेळवला. आपल्याकडे दुहेरी नागरिकत्व नाही आणि २००८ पासून भारतीय पासपोर्टशिवाय भारताकडून खेळता येत नाही. एनबीएमध्ये खेळणारा पहिला भारतीय वंशाचा माणूस, सिम भुल्लर, कॅनडाचा. नव्या क्रीडा धोरणात परदेशस्थ भारतीय वंशाच्या खेळाडूंना बोलावण्याची भाषा आलीय. या, जरूर या. पण एका माणसाने चाळीस मिनिटं संघ ओढून न्यावा अशी अपेक्षा असेल, तर सतनाम सिंगचं आठवा. २०१५ ला एनबीएने ड्राफ्ट केलेला तो पहिला भारतीय. आपण नाचलो, 'आता क्रांती' म्हणालो. पंजाबातल्या बल्लोके गावचा सात फुटी पोरगा एनबीएची एकही मॅच न खेळता परतला. क्रांती एका माणसाच्या खांद्यावर टाकायची नसते.

आणि महाराष्ट्राचं काय? एकेकाळी नागपाड्याच्या सिमेंटच्या कोर्टवरून अब्बास मुंतसिर भारताचे कप्तान झाले, अर्जुन पुरस्कार मिळवला. पुण्याची शिरीन लिमये महिला संघाची कप्तान झाली. म्हणजे माती वांझ नाही. पण शाळेत पीटीच्या तासाला गणिताचे सर येऊन उभे राहतात. दहावीला खेळाचे सवलतीचे गुण मिळाले की निम्म्या पोरांचे बूट माळ्यावर जातात. सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, ते चांगलंच आहे. पण मग पोराचं लक्ष खेळापेक्षा सर्टिफिकेटवर जातं, आणि त्यात त्याची काय चूक?

आमच्याकडच्या कोर्टची गोष्ट सांगतो. दोन रिंगा. एक वाकलेली, दुसरीला जाळी नाही. दर वर्षी मांडवासाठी खड्डे खणले जातात, बुजवताना कुणी लेव्हल बघत नाही. पोरं आता ड्रिबल करताना ते खड्डे चुकवायला शिकलीत. हसतात त्यावर. मला हसू येत नाही, कारण त्यातल्या एका मुलीचा घोटा गेला आणि ती परत आलीच नाही. मांडवाला माझा विरोध नाही, मीही वर्गणी देतो. पण दहाव्या दिवशी विसर्जन झाल्यावर अकराव्या दिवशी खड्डे नीट बुजवायचे, एवढं मंडळाला आणि नगरसेवकाला सांगायला काय हरकत आहे?

आपला देश २०३६ च्या ऑलिम्पिकचं यजमानपद मागतोय. पुरुष बास्केटबॉलमध्ये आपण एकदाच ऑलिम्पिक खेळलो, १९८० ला मॉस्कोला, तेही अनेक देशांनी बहिष्कार टाकला म्हणून. सगळ्या मॅच हरलो. आज जे पोर आठ वर्षांचं आहे ते २०३६ ला एकोणीस वर्षांचं असेल. ते आत्ता कुठल्या तरी खड्ड्यांच्या कोर्टवर बॉल आपटतंय, किंवा कोर्टच नाही म्हणून आपटत नाहीये. जेद्दाचा निकाल आपल्या हातात नाही. हे आहे.

तर त्या पोराला माझं उत्तर असं: चान्स कमी आहे, पण आहे. मंगळवारी मॅच बघ, मीही बघतोय. हरलो तरी ७ ला परत बघ, ९ ला परत बघ. कोकणातली कितीतरी घरं आखाताच्या पगारावर चालतात. तुमचं कुणी जेद्दात असेल तर आजच फोन करून सांगा, सुट्टी मिळाली तर स्टेडियमला जा म्हणावं. बारा पोरांना आपल्या भाषेत दोन आरोळ्या ऐकू आल्या तर बरं वाटेल.

आणि कमेंटमध्ये स्कोअरचा अंदाज टाकाच, पण सोबत तुमच्या भागातल्या कोर्टचा एक फोटोही टाका. रिंग आहे का, जाळी आहे का, खड्डे किती. यादी झाली की ती घेऊन आपणच पालिकेत जाऊ. मी येतो.