गाजरगवताची खाज आणि ओले फडके



१९५६ साली पुण्यात नोंदले गेलेले गाजरगवत आज बार्शीटाकळीच्या शिवारात धुऱ्याधुऱ्यावर दिसते. त्यातील पार्थेनिन या द्रव्यामुळे काहींच्या पापण्या, मान व कोपराच्या लवणीत खाज सुटते, पुढे लस येते. मग कोणी रॉकेल चोळतो, कोणी चुना. त्याने कातडी आणखी सोलते.

त्यापेक्षा अंग धुवा. जुन्या सुती धोतराचे स्वच्छ फडके उकळून गार केलेल्या पाण्यात भिजवा, निथळेल इतके पिळा आणि खाजेवर १५ ते २० मिनिटे ठेवा. वाळू लागताच पुन्हा भिजवा. असे दिवसातून तीन-चार वेळा करा. पाणी उडून जाताना आग निवते, लस आटते. नंतर डॉक्टरांनी दिलेले मलम लावा. पू वा ताप असल्यास दवाखाना गाठा. घरात सर्वांनाच रात्री खाज सुटत असेल, तर ती खरूज असू शकते. तिचे औषध वेगळे.

फडक्याने खाज शमते, कारण जात नाही. जमीन ओली असताना, फुलोऱ्यापूर्वी, हातमोजे घालून गवत मुळासकट उपटा. निंदणाऱ्या बाईच्या अंगावर उठले असेल, तर तिचा रोज न बुडवता तिला दुसरे काम द्या.