अलिबागची सुई आणि आकाशातले पट्टे

मुंबईकर माणूस अलिबागला जातो तो समुद्रासाठी. मांडव्याला बोटीतून उतरायचे, दोन दिवस मासळीवर ताव मारायचा, ओहोटीची वेळ साधून कुलाबा किल्ल्यात चालत जाऊन यायचे आणि परतताना पांढऱ्या कांद्याची माळ पिशवीत टाकायची, हा आपला ठरलेला कार्यक्रम. आमचाही तोच होता. पण या खेपेला नववीत शिकणारी पुतणी बरोबर होती. किनाऱ्याजवळच्या एका कुंपणापाशी ती थांबली आणि पाटी वाचून म्हणाली, "काका, चुंबकीय वेधशाळा म्हणजे काय? इथं काय मोजतात?"

"पृथ्वीचं चुंबकत्व."

"रोज? पण ते तर एकदाच मोजलं की झालं ना! रोज बदलतं का ते?"

मी तिला जे उत्तर दिले ते फारच त्रोटक होते. कुल्फी वितळत होती आणि मंडळी पुढे निघून गेली होती. तो प्रश्न मात्र माझ्याबरोबर मुंबईला आला. त्याचे नीट उत्तर द्यायचे तर अलिबागेहून निघून पार आकाशात, छत्तीस हजार किलोमीटरच्याही पलीकडे जावे लागते. आज तेच करावे म्हणतो.

आधी या वेधशाळेची कुळकथा. हिचे मूळ घर मुंबईच्या कुलाब्यात. ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ साली तिथे वेधशाळा उभारली आणि १८४१ पासून चुंबकीय निरीक्षणांना सुरुवात झाली. प्राध्यापक ऑर्लेबार यांच्या हाताखाली तिथे काम शिकलेले एक तरुण मराठी गृहस्थ म्हणजे केरो लक्ष्मण छत्रे, पुढे लोकमान्य टिळकांचे गुरू झालेले केरूनाना. 'दर्पण'कार बाळशास्त्री जांभेकरांचाही या वेधशाळेशी संबंध होता. काम सांगायला सोपे, करायला कंटाळवाणे. टांगलेल्या चुंबकाचे इवलेसे वळणे दुर्बिणीतून पाहायचे आणि आकडा वहीत उतरवायचा. तासातासाला, रात्रंदिवस, वर्षानुवर्षे.

विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईत विजेच्या ट्राम येणार असे ठरले. विजेचा प्रवाह म्हणजे चुंबकत्व आलेच. कुलाब्याच्या नाजूक सुया त्या गोंगाटात बहिऱ्या झाल्या असत्या. तेव्हाचे संचालक नानाभॉय मूस यांनी वेधशाळा खाडीपलीकडे अलिबागला न्यायची व्यवस्था केली. कुलाब्याची वेधशाळा अशी त्या वेळच्या कुलाबा जिल्ह्यात आली! लोखंडाचा अंश टाळून, पोरबंदरी दगडात चुंबकमापनाच्या खोल्या बांधल्या गेल्या. आणि मूससाहेबांनी आणखी एक गोष्ट केली. १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षे त्यांनी कुलाबा आणि अलिबाग या दोन्ही ठिकाणची मोजमापे एकाच वेळी चालू ठेवली, म्हणजे जुन्या आकड्यांची नव्यांशी सांगड बसावी, मालिका तुटू नये. ही गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी. तिच्याकडे पुन्हा यायचे आहे.

आता पुतणीचा प्रश्न. सुई रोज हलते कशाने? पृथ्वीच्या पोटातल्या वितळलेल्या लोहरसात तयार होणारे चुंबकक्षेत्र तर संथपणे, वर्षानुवर्षांच्या हिशेबाने बदलते. तासाभरात सुई हलवणारे कारण वर असले पाहिजे, एवढा अंदाज एकोणिसाव्या शतकातच आला होता. १ सप्टेंबर १८५९ रोजी रिचर्ड कॅरिंग्टन या इंग्रज निरीक्षकाला सूर्यडागांचे चित्र काढताना सूर्यावर लख्ख प्रकाशाचा झोत दिसला. एक दिवस उलटायच्या आत पृथ्वीवर चुंबकीय वादळ थडकले. युरोप-अमेरिकेत तारयंत्रांतून ठिणग्या उडाल्या. काही ठिकाणी तर बॅटरी काढून टाकल्यावरही तारा जात राहिल्या. कुलाब्याला त्या दिवशी क्षितिजसमांतर चुंबकक्षेत्र सुमारे १६०० नॅनोटेस्लांनी कोसळले. हे एकक बाजूला ठेवा. एरवीचा रोजचा चढउतार पन्नास-शंभरच्या घरातला असतो, एवढे सांगितले की त्या आकड्याचा दणका कळतो.

पण सूर्य आणि सुई यांच्या मध्ये नेमके काय घडते, हे जमिनीवरून कळणार कसे? त्यासाठी यंत्र वर पाठवणे भाग होते.

ते ३१ जानेवारी १९५८ रोजी गेले. अमेरिकेचा पहिला उपग्रह एक्स्प्लोरर-१, वजन जेमतेम चौदा किलो. त्यात आयोवा विद्यापीठाच्या जेम्स व्हॅन ॲलन यांनी विश्वकिरण मोजण्यासाठी एक गायगर गणित्र बसवले होते. उपग्रह खालच्या उंचीवर असताना आकडे अपेक्षेप्रमाणे येत. तो वर गेला की मात्र गणित्र चक्क शून्य दाखवी. यंत्र बिघडले म्हणावे, तर खाली आल्यावर पुन्हा सुरळीत! मार्चमध्ये गेलेल्या एक्स्प्लोरर-३ मध्ये ध्वनिमुद्रण फीत होती, त्यामुळे सगळ्या प्रदक्षिणेची नोंद हाती आली आणि उलगडा झाला. तिथे काहीच नव्हते म्हणून शून्य येत नव्हते. कणांचा मारा इतका प्रचंड होता की गणित्राला दोन कणांमध्ये श्वास घ्यायलाही उसंत मिळत नव्हती. १ मे १९५८ रोजी व्हॅन ॲलन यांनी हा शोध जाहीर केला. त्याच वर्षअखेरच्या पायोनियर-३ यानाने दुसरा, बाहेरचा पट्टाही दाखवून दिला. आतला पट्टा मुख्यतः भेदक प्रोटॉनांचा, तर बाहेरचा वेगवान इलेक्ट्रॉनांचा. वड्याला मध्ये भोक असावे आणि त्या भोकात पृथ्वी बसावी, तसे हे पट्टे आपल्याला वेढून आहेत.

हे कण तिथे अडकतात कसे? भारित कण चुंबकीय बलरेषा सरळ ओलांडू शकत नाही. तो तिच्याभोवती वेटोळे घेत सरकतो. ध्रुवाकडे जावे तसे क्षेत्र तीव्र होते आणि तिथून तो परत फिरवला जातो. मग दुसऱ्या ध्रुवाकडे, तिथून पुन्हा मागे. झोपाळ्यासारखी ही ये-जा चालू असतानाच प्रोटॉन हळूहळू पश्चिमेकडे आणि इलेक्ट्रॉन पूर्वेकडे सरकत पृथ्वीप्रदक्षिणा घालतात. विरुद्ध भार विरुद्ध दिशांना गेले म्हणजे विजेचा प्रवाहच झाला की. वादळात सूर्याकडून येणारा भारित कणांचा वारा आपल्या चुंबकीय कवचात ऊर्जा ओततो, तेव्हा पृथ्वीभोवतीचा हा कंकणाकृती प्रवाह फुगतो. त्याचे चुंबकक्षेत्र पृथ्वीच्या क्षेत्राविरुद्ध असल्याने खाली अलिबागला आकडा उतरतो. पोरी, हे तुझ्या प्रश्नाचे उत्तर. हजारो किलोमीटर उंचीवर फिरणाऱ्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रवाहाची नाडी किनाऱ्यावरच्या त्या दगडी खोल्यांमध्ये मोजली जाते.

"असेना का! आम्हाला त्याचे काय?" असे कोणी म्हणेल. रास्त प्रश्न आहे. १८५९ साली फक्त तारयंत्रे बिघडली, कारण बिघडण्यासारखे तेवढेच होते. आज आपण आपला संसारच त्या पट्ट्यांच्या शेजारी थाटला आहे. घरातला दूरदर्शन संच ज्यांच्याकडून चित्रे घेतो ते भूस्थिर उपग्रह छत्तीस हजार किलोमीटरवर, बाहेरच्या पट्ट्याच्या हद्दीतच फिरतात. मोबाइलवर रस्ता दाखवणारे जीपीएस उपग्रह वीस हजार किलोमीटरवर, म्हणजे त्या पट्ट्याच्या ऐन मध्यात. हिवाळ्यात टेरिलिनचा सदरा काढताना जी तडतड होते, तशी तडतड इलेक्ट्रॉन आत घुसून साचले की उपग्रहाच्या पोटात होते. जानेवारी १९९४ मध्ये कॅनडाचे दोन अनिक उपग्रह असेच भरकटले. दूरचित्रवाणी बंद पडली, वृत्तपत्रांना बातम्या पोचेनात. त्याआधी १३ मार्च १९८९ रोजी त्याच देशातल्या क्वेबेक प्रांतात चुंबकीय वादळाने वीजजाळे कोलमडले आणि सुमारे साठ लाख लोक नऊ तास अंधारात राहिले. फेब्रुवारी २०२२ मधले वादळ तर तसे किरकोळच होते. तेवढ्यानेही वातावरणाचा वरचा थर तापून फुगला आणि नुकत्याच सोडलेल्या ४९ स्टारलिंक उपग्रहांपैकी चाळीसच्या आसपास खाली येऊन जळाले.

माणसाने आपल्या हातानेही हा उद्योग करून पाहिला आहे. ९ जुलै १९६२ रोजी अमेरिकेने पॅसिफिक महासागरावर चारशे किलोमीटर उंचीवर अणुबाँब फोडला. त्यातून निघालेल्या इलेक्ट्रॉनांचा एक कृत्रिम पट्टाच तयार झाला आणि ब्रिटनचा पहिला उपग्रह एरियल-१ निकामी झाला. दुसऱ्याच दिवशी सोडलेला टेलस्टार त्या माऱ्यात काही महिनेच टिकला. पुढच्या वर्षी अंतराळातल्या अणुचाचण्यांवर बंदी घालणारा करार झाला, हे शहाणपण म्हणायचे.

मात्र एक स्पष्ट केले पाहिजे. अधूनमधून 'सौरवादळ पृथ्वीवर आदळणार' अशा घबराटीच्या बातम्या येतात. जमिनीवरच्या माणसाला या कणांपासून धोका नाही. चुंबकीय कवच आणि जाड वातावरण अशा दोन ढाली आपल्या डोक्यावर आहेत. १०-११ मे २०२४ चे वादळ दोन दशकांतले सर्वांत प्रखर होते. तेव्हा लडाखमधल्या हानले येथून तांबूस ध्रुवीय प्रकाशाची छायाचित्रे घेतली गेली आणि आपण सारे सुखरूप राहिलो. धोका आहे तो आपण उभारलेल्या यंत्रांना. त्यावर उपाय एकच, सतत पाहत राहणे.

इथेच मला मूससाहेबांची आठवण होते. ३० ऑगस्ट २०१२ रोजी अमेरिकेने या पट्ट्यांच्या अभ्यासासाठी जुळी याने सोडली. व्हॅन ॲलन यांचेच नाव पुढे त्यांना दिले गेले. नवीन यानावरची उपकरणे एरवी सावकाश, काही आठवड्यांनी सुरू करतात. पण १९९२ पासून हेच कण मोजणारा सॅम्पेक्स हा म्हातारा उपग्रह लवकरच वातावरणात जळून जाणार होता. त्याचे आणि नव्या यानांचे आकडे थोडे दिवस तरी जोडीने मिळावेत, म्हणून शास्त्रज्ञांनी एक उपकरण घाईने, दोन-तीन दिवसांतच सुरू केले. आणि काय पाहतात, तर दोनऐवजी तीन पट्टे! तो तिसरा पट्टा जेमतेम चार आठवडे टिकला आणि सौरवाऱ्याच्या एका धक्क्यासरशी नाहीसा झाला. उपकरण नेहमीच्या सवडीने सुरू केले असते, तर पाठ्यपुस्तकात बसू न शकणारी ही गोष्ट निसटून गेली असती. शंभर वर्षांपूर्वी मुंबई-अलिबागमध्ये जे केले गेले तेच हे: जुन्याचा हात सुटण्याआधी नव्याने तो धरायचा.

आणि जुन्या वह्यांचे मोल? २००३ साली भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे गुरबक्षसिंग लखीना आणि त्यांच्या भारतीय-परदेशी सहकाऱ्यांनी १८५९ च्या वादळाची तीव्रता नव्याने मांडली, ती कुलाब्याच्या नोंदींच्या आधारे. वीजजाळी आणि उपग्रह यांनी कोणत्या टोकाच्या वादळाला तोंड द्यावे, याचा विचार जगभर होतो तेव्हा दीडशेहून अधिक वर्षे जुने ते आकडे समोर असतात. त्या दिवशी वेधशाळेत बसलेल्या निरीक्षकांची नावे आपण शाळेत पाठ केली नाहीत. त्यांना ट्रान्झिस्टर ठाऊक नव्हता, की उपग्रह. 'एवढे आकडे कशाला?' असे म्हणून त्यांनी एक पाळी चुकवली असती तर?

आज आपणही या क्षेत्रात मागे नाही. २ सप्टेंबर २०२३ रोजी निघालेले आदित्य-एल१ पृथ्वीपासून पंधरा लाख किलोमीटरवर पोचले. सौरवाऱ्यातले कण आणि चुंबकक्षेत्र मोजणारी उपकरणे त्यावर आहेत. तिथून वारा पृथ्वीवर यायला अर्ध्या ते एक तासाचा अवधी लागतो, तेवढीच सावध व्हायला मिळणारी सवड. अशा यानाच्या उड्डाणाला आपण टाळ्या वाजवतो आणि वाजवाव्यातच. पण उड्डाणाचा दिवस एक, मोजणीचे दिवस हजारो. खर्चाला कात्री लावायची वेळ आली की पहिली गदा येते ती या मोजणीवर. 'यान जुने झाले, उद्दिष्ट संपले, आता बंद करा' किंवा 'वेधशाळेच्या जागेचा दुसरा काही उपयोग करा' हे म्हणायला सोपे असते. आकड्यांच्या मालिकेत पडलेली फट मात्र नंतर कितीही पैसा ओतून बुजवता येत नाही. म्हणून माझे म्हणणे एवढेच आहे: नव्या यानाच्या अंदाजपत्रकात जुन्याबरोबरच्या जोडमोजणीचा खर्च धरलाच पाहिजे, जुन्या वह्या कसरीच्या तोंडी न देता जपल्या पाहिजेत आणि जमिनीवरच्या वेधशाळांभोवतीची शांतता शहरांच्या रेट्यातही राखली पाहिजे. मूससाहेबांना ट्रामपासून पळ काढायला खाडीपलीकडे जागा होती. आज पळून जायला जागा फारशी उरलेली नाही.

परवा पुतणीचा फोन आला. शाळेच्या प्रकल्पासाठी तिने हाच विषय घेतला आहे. गच्चीवर दोऱ्याला चुंबक टांगून रोज त्याची दिशा लिहून ठेवते आहे म्हणे. मी विचारले, "काही हललं का?"

"नाही अजून," ती म्हणाली, "पण एक दिवस राहिला काका. आईनं गावाला नेलं ना, त्या दिवसाची नोंदच नाही. तिथं काय लिहू?"

"काही लिहू नकोस. कोरं ठेव," मी म्हटले.