यादी पाहिली म्हणून मुलाला शिक्षा नको



डिप्लोमाच्या मुलांना मी जावा शिकवतो. आमच्या लॅबमध्ये सगळ्यांची प्रॅक्टिकलं एकाच टॉमकॅट सर्व्हरवर चालायची. एकदा एका मुलाने स्वतःच्या प्रोग्रॅममधून त्या सर्व्हरवरच्या सगळ्या ॲप्लिकेशनची यादी काढून मला दाखवली. त्यात आमचं अंतर्गत गुणांचं ॲप्लिकेशनही होतं! "सर, हे पण इथेच आहे?" तो सहज म्हणाला. स्टाफरूममध्ये मात्र लगेच सूर निघाला, 'हॅकिंग केलंय, कारवाई करा.' मला ते पटलं नाही.

त्याने केलं तरी काय? टॉमकॅट म्हणजे एक वाडा समजा. दरवाजा एक, बिऱ्हाडं अनेक. यादी बघायची सरळ वाट म्हणजे टॉमकॅटचं मॅनेजर पान. पण त्याला 'मॅनेजर-जीयूआय' हा अधिकार दिलेलं लॉगिन लागतं. दुसरी वाट 'गेटकॉन्टेक्स्ट' मेथडची. पण 'क्रॉसकॉन्टेक्स्ट' मुद्दाम चालू केल्याशिवाय ती शेजाऱ्याचं नाव घेतलं की 'नल' देते. मग या पोराने 'कॅटलिना डॉट बेस'वरून सर्व्हरचं फोल्डर शोधलं आणि आतल्या 'वेबॲप्स'मधली नावं वाचली. चार ओळींचा कोड!

हे जमलं, कारण सगळी ॲप्लिकेशनं एकाच जेव्हीएममध्ये, एकाच युजरच्या हक्काने चालतात. टॉमकॅटला जी फाइल वाचता येते, ती साधारणपणे प्रत्येक बिऱ्हाडकरूलाही वाचता येते. उद्या डेटाबेसचा पासवर्ड तिथल्या फाइलमध्ये लिहिलेला असेल, तर तोही! म्हणजे मध्ये भिंत नव्हतीच, नुसता पडदा होता. आणि तो आपण मोठ्यांनीच लावला होता.

मी त्याला दोन गोष्टी सांगितल्या. एक, नावं दिसली आणि लगेच येऊन सांगितलंस, शाबास. दोन, यादी हा उंबरठा आहे. परवानगीशिवाय आतली फाइल उघडायची नाही. गुणांचं ॲप्लिकेशन आम्ही वेगळ्या मशीनवर हलवलं.

माझं म्हणणं एवढंच: सरावाचं आणि खरं काम एका सर्व्हरवर ठेवू नका. आणि पालकांनो, मूल असं काही शोधून आलं, तर ओरडण्याआधी विचारा, "हे कोणाला सांगितलंस?" सांगणाऱ्यालाच शिक्षा झाली, तर पुढचं मूल शोधेल, पण सांगणार नाही.