उतारवयातील उतार

आपल्या भाषेने म्हातारपणाला 'उतारवय' हे नाव दिले, तेव्हा तिच्या मनात सायकल नक्कीच नसणार. कराडच्या एका वाचक भगिनींच्या पत्राने मात्र हा शब्द अक्षरशः खरा केला आहे. त्यांचे सासरे ६७ वर्षांचे आहेत. रक्तदाबाची एक गोळी सुरू आहे, बाकी प्रकृती ठीक. शाळेपासूनच्या मित्राने जाड टायरची, गिअरची सायकल घेतली, मग यांनीही घेतली. आता दोघांचा बेत असा की सायकली टेम्पोत घालून डोंगरावर न्यायच्या आणि दिवसभर रमतगमत उतरत यायचे. घरात सर्वांचा विरोध आहे. 'त्यांना कसे अडवावे?' असा भगिनींचा प्रश्न आहे.

वाचकहो, आमच्या मते त्यांना अडवू नये. मनाई केलेला माणूस घरी बसतोच असे नाही. पुष्कळदा तो न सांगता जातो, आणि कोणत्या वाटेने गेला हे घरात कोणालाच ठाऊक नसते. त्यापेक्षा कोणता उतार, कोणत्या वेळी आणि कोणाबरोबर, हे घराने त्यांच्यासह बसून ठरवावे. त्यासाठी उतार शरीराकडून काय मागतो, ते आधी समजून घेऊ.

उतरण म्हणजे विश्रांती, असा सर्वसाधारण समज आहे. हृदय आणि श्वास यांच्यापुरता तो बराचसा खरा आहे. पण सदाशिवगड पायी उतरलेल्यांना दुसऱ्या दिवशी जिना उतरताना मांड्या काय म्हणतात, ते विचारून पाहा. उतरताना मांडीचा स्नायू लांबत असतानाच ताण धरून शरीराचा तोल सांभाळतो आणि त्यामुळे अधिक दुखावतो. सायकलवर हा भार चाके घेतात. गुडघ्यांना पावलागणिक बसणारा हादरा टळतो. मात्र पाय मोकळे झाले की काम तळहात, मनगटे, मान आणि डोळे यांच्याकडे जाते. उतारवयात मुठीची पकड आधीच कमी झालेली असते. शेवटच्या वळणावर ब्रेक दाबायला बोटांत जोर उरला नाही, तर हृदय कितीही ठणठणीत असून उपयोग नाही.

ब्रेकचे महत्त्व या खेळाच्या जन्मकथेतच आहे. १९७६ साली अमेरिकेतील कॅलिफोर्नियात, मरिन परगण्यात, गॅरी फिशर, जो ब्रीझ यांसारखी तरुण मंडळी जुन्या, जड सायकली घेऊन एका कच्च्या डोंगरवाटेवर उतरण्याच्या शर्यती लावू लागली. सुमारे साडेतीन किलोमीटरांत ४०० मीटर उतरण! त्या सायकलींचा ब्रेक मागच्या चाकाच्या हबमध्ये असे आणि पायडल उलटे दाबले की लागे. खाली पोहोचेपर्यंत हबमधील ग्रीस तापून धूर होऊन जाई आणि प्रत्येक फेरीनंतर ते पुन्हा भरावे लागे. म्हणून त्या वाटेचे नावच 'रिपॅक', म्हणजे पुन्हा भरणे, असे पडले.

ती उष्णता येते कोठून? सायकलीसह ८५ किलो वजन ३०० मीटर खाली आले, तर सुमारे पाऊण लिटर पाण्याला उकळी आणेल इतकी ऊर्जा मोकळी होते. तिचा काही भाग वारा घेतो. उरलेला ब्रेकने सोसायचा असतो. म्हणून ब्रेक सतत घासत ठेवू नयेत. दोन्ही ब्रेक मिळून दाबावेत, वेग उतरला की सोडावेत, पुन्हा दाबावेत. वळणाचा वेग वळणाआधीच कमी करावा. मुरूम किंवा सुटी खडी असेल तेथे पुढचा ब्रेक जोराने दाबला की चाक सरकलेच म्हणून समजा. वेगाचा हिशेबही कठोर आहे: ताशी १५ किलोमीटरचा वेग ३० झाला, तर ब्रेक लागल्यापासून थांबेपर्यंतचे अंतर दुप्पट नव्हे, चौपट होते. ज्येष्ठांनी सीट इतकी खाली घ्यावी की दोन्ही पाय जमिनीला टेकतील. उतारावर दोन्ही पायडले समपातळीत, कोपरे आणि गुडघे किंचित वाकलेले, नजर पुढच्या चाकावर नव्हे तर लांब. दर दहा मिनिटांनी थांबून मुठी उघडमीट कराव्यात. हेल्मेट आणि बोटे झाकणारे हातमोजे यांविषयी घरात चर्चाच होऊ नये.

आता वाट. कराडकरांच्या मनात प्रथम कुंभार्ली घाट येतो. तो या कामासाठी नको. चिपळूणकडे जाणारी अवजड वाहतूक, आंधळी वळणे आणि पावसाळ्यातील धुके यांत दोन ज्येष्ठ सायकलस्वारांची भर घालण्याचे कारण नाही. आगाशिवच्या लेण्यांची वाट आणि सदाशिवगडाच्या पायऱ्या पायांसाठी आहेत, चाकांसाठी नव्हेत. आमची पसंती कोयनेला आहे. ही नदी महाबळेश्वरहून दक्षिणेकडे येते, हेळवाकजवळ पूर्वेकडे वळते आणि कराडला प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळते. तिच्या सोबतीने येणारी वाट एकंदरीत नदीसारखीच सावकाश उतरते. पाटणच्या खालच्या अंगाला मुख्य रस्ता सोडून गावे जोडणारे आतले रस्ते निवडावेत. कच्च्या वाटेची हौस असेल, तर ती आधी एकदा सायकल हातात धरून चढावी. जी वाट पायांनी ओळखली, तिच्यावर डोळे फसत नाहीत. ऊसतोडीच्या हंगामात दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर आणि रस्त्यावर सांडलेला ऊस यांची आठवण ठेवून दिवस मावळण्याआधी घर गाठावे.

मित्र सोबत असणे ही मोठी सुरक्षितता आहे, आणि मोठा धोकाही. पन्नास वर्षांपूर्वी नदीच्या घाटापर्यंत कोण आधी पोहोचतो याची पैज लावणारे दोघे आजही मनातून ती विसरलेले नसतात. 'लेका, इथं उतरून चालू' असे ज्याला संकोच न बाळगता म्हणता येते आणि जो त्यावर हसत नाही, तोच या दिवसाचा खरा सोबती. दोघांनी शेजारी-शेजारी नव्हे, पुरेसे अंतर ठेवून जावे आणि जो हळू त्याने पुढे राहावे. प्रत्येकाच्या खिशात दुसऱ्याच्या औषधांची चिठ्ठी आणि घरचा फोन क्रमांक असावा.

चष्म्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. दुहेरी चष्म्याची खालची काच वाचनासाठी असते; तिच्यातून पुढचा खड्डा पुसट दिसतो. या दिवसापुरता केवळ दूरचा चष्मा वापरावा. रक्तदाबाची गोळी मनाने बंद करू नये. मात्र ती लघवी वाढवणारी असेल, किंवा उठताना डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, तर आधी डॉक्टरांशी बोलावे. इन्सुलिन घेणाऱ्यांनी, आधी हाड मोडलेल्या ठिसूळ हाडांच्या व्यक्तींनी आणि अलीकडे छातीत दुखलेल्यांनी डॉक्टरांच्या संमतीशिवाय हा बेत आखूच नये.

घरी परतल्यावर हात, खांदे, मांड्या दोन-तीन दिवस दुखतील. ते स्वाभाविक आहे. सांधा सुजला, मनगटावर भार देता येईना, तर मालिश करीत न बसता क्ष-किरण तपासणी करावी. पडताना हात टेकल्याने मनगटाचे हाड मोडणे या वयात सर्रास आढळते. डोक्याला मार लागला असेल आणि रक्त पातळ ठेवणारी गोळी सुरू असेल, तर वरून जखम दिसत नसली तरी त्याच दिवशी रुग्णालयात जावे. मेंदूभोवतीचा रक्तस्राव कधी कधी सावकाश साठतो. त्यामुळे पुढचे काही आठवडे नवी डोकेदुखी, अकारण झोप, बोलण्यातला गोंधळ किंवा चालताना झोक जाणे दिसले, तर 'वय झाले' म्हणून सोडून न देता, ते कधी पडले होते हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे.