लेखनिक शोधायचा कोणी?

परीक्षेचे वेळापत्रक फलकावर लागले की इतर विद्यार्थी अभ्यासाला बसतात. दृष्टिहीन विद्यार्थी लेखनिकाच्या शोधात बाहेर पडतो. वसतिगृहाच्या खोल्या, ओळखीच्या प्राध्यापकांची घरे, शेजारचे कनिष्ठ महाविद्यालय अशी त्याची पायपीट सुरू होते. केंद्र शासनाच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनी उमेदवाराने स्वतः आणलेल्या लेखनिकाची पात्रता त्याच्याहून एक पायरी खालची असावी, अशी अट घातली होती. हेतू रास्त होता. पण तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याने दुसऱ्या वर्षाच्या मुलाकडे जावे, तर बहुधा त्याचीही परीक्षा त्याच पंधरवड्यात असते!

कायद्याने आपले काम केले नाही, असे मात्र म्हणता येणार नाही. १९९५ च्या कायद्यातील तीन टक्के राखीव जागा २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने उच्च शिक्षणात किमान पाच टक्क्यांवर नेल्या. वाजवी सोय नाकारणे हाही भेदभावच होय, असे याच अधिनियमाने ठरविले. पुढे ११ फेब्रुवारी २०२१ रोजी विकास कुमार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने, लेखनिकाची सोय चाळीस टक्के अपंगत्वाच्या प्रमाणपत्रापुरती मर्यादित ठेवता येणार नाही, असा निर्वाळा दिला. त्या उमेदवाराला दिसत होते. लिहू लागताच हाताला पेटके येत, एवढीच त्याची अडचण होती.

तेव्हा हक्काविषयी वाद उरलेला नाही. वाद आहे तो जबाबदारीचा. परीक्षा घेणाऱ्या संस्थांनी लेखनिकांच्या याद्या तयार कराव्यात, हेही २०१८ च्या सूचनांत सुचविलेले होते. अशी यादी आपल्या महाविद्यालयात आहे काय, हे वाचकांनी एकदा परीक्षा विभागात जाऊन विचारावे. तेथील लिपिकाला दोष देण्यात अर्थ नाही. वरून आदेश नसता तो बिचारा अर्ज घेण्यापलीकडे काय करणार?

लेखनिक स्वतःच्याच बुद्धीने उत्तरे लिहील, ही शंका पर्यवेक्षकांच्या मनात नेहमी असते आणि ती सर्वस्वी निराधार आहे, असे नाही. परंतु म्हणूनच विद्यापीठाने स्वतः पारखून घेतलेल्या लेखनिकांची यादी हवी. तिच्यातून निवड मात्र विद्यार्थ्यानेच करावी. अर्थशास्त्राचा आलेख किंवा गणिताची चिन्हे तोंडी सांगून लिहवून घेणे हे दोघांच्या सरावाचे काम आहे. परीक्षेच्या दालनात प्रथमच भेटलेल्या दोघांना ते साधत नाही. ताशी वीस मिनिटांचा भरपाईचा वेळ मग एकमेकांना समजून घेण्यातच खर्ची पडतो.

पदवीधर झालेले तरुण, सेवानिवृत्त शिक्षक, कचेरीतून रजा मिळू शकणारे लिपिक अशांची नावे सत्राच्या आरंभीच नोंदवून घ्यावीत, मानधन परीक्षा निधीतून द्यावे आणि ही यादी वेळापत्रकाबरोबर त्याच फलकावर लावावी. त्यासाठी नव्या कायद्याची गरज नाही. कुलगुरूंचे एक परिपत्रक पुरेसे आहे.